नातं : काही नाही

नोरीन कोवाल्स्कीला एक सही हवी होती. सही कुणाचीही चालली असती. अट एवढीच, की तो माणूस टॉर्विक गावचा हवा आणि तिचा पेशंट नको. गावाची वस्ती आठशे बारा. त्यात असा एक माणूस शोधायला तिला तीन रविवार लागले, आणि तोही शेवटी हातचा गेला तो गेलाच.

अकरा वर्षांपूर्वी ती मिलवॉकी सोडून इथे नॉर्थ डकोटात आली. गावातली ती एकुलती एक समुपदेशक. तिची खोली गुरांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागे होती, कारण दुसरी जागाच मिळाली नाही. पण लोकांना ती जागा फार सोयीची वाटली. मनाच्या डॉक्टरकडे जाताना चारचौघांनी पाहिलं तर गावभर होणार. कुत्र्याला घेऊन गुरांच्या डॉक्टरकडे जाण्यात कसली आली लाज? त्यामुळे तिचे पेशंट कुत्रा घेऊन येत. ज्यांच्याकडे कुत्रा नव्हता ते शेजाऱ्याचा मागून आणत. कुत्री बिचारी तासभर गालिच्यावर पडून माणसांची रडगाणी ऐकत, म्हणून नोरीन खणात कलेजीची बिस्किटं ठेवी आणि एखाददुसरं कोटाच्या खिशातही. टॉर्विकच्या कुत्र्यांइतकी तपासणी राज्यात कुठल्या कुत्र्यांची होत नसेल, आणि तरी गुरांच्या डॉक्टरचं उत्पन्न काही वाढत नव्हतं.

या धंद्याचा एक नियम आहे. पेशंट बाहेर कुठे दिसला तर समुपदेशकानं आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्यानं दाखवली तर दाखवायची. नोरीननं हा नियम अकरा वर्षं पाळला. पेशंट ओळख दाखवत नसत, कारण लोकांना कळलं असतं. जे पेशंट नव्हते तेही दाखवत नसत, कारण लोकांना ते पेशंट आहेत असं वाटलं असतं. सगळी अळीमिळी गुपचिळी. किराणा दुकानात नोरीन ज्या रांगेत शिरे त्या रांगेतल्या माणसांना एकदम कांदे निरखून पाहावेसे वाटत. दिवसभर गावाच्या मनातलं ऐकायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन नुसते आवाज कानावर पडावेत म्हणून रेडिओ लावायचा, असं तिचं चाललं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. एकटेपणावर काय करावं हे ती लोकांना फार छान सांगत असे.

त्या वर्षी जिल्ह्याच्या आरोग्य खात्यानं फतवा काढला, की सगळ्या समुपदेशकांनी 'श्रद्धा आणि मानसोपचार' हा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा करावा, नाहीतर पुढच्या वर्षीचं काम विसरावं. नोरीनला त्याची गरज नव्हती असं म्हणवत नाही. बीट पिकवणारा एक धट्टाकट्टा माणूस एकदा तिच्यासमोर म्हणाला होता, "देव माझ्याशी बोलेनासा झालाय," आणि तिनं विचारलं होतं, "बरं, आणि झोप कशी लागते?"

अभ्यासक्रम संगणकावरच होता. शिकवणाऱ्या डॉक्टर लिओना प्रूइट अ‍ॅरिझोनातून बोलत आणि प्रत्येक तासाच्या सुरुवातीला पितळेची वाटी वाजवत. नवव्या आठवड्यात त्यांनी स्वाध्याय दिला.

"तुमच्या स्वतःच्या नसलेल्या एखाद्या उपासनेला सलग तीन रविवार जा. तिथल्या एका माणसाला हे पाच प्रश्न विचारा. त्याची सही घ्या. माणूस पेशंट नको, नातेवाईक नको, मित्रही नको. अगदी कोरा हवा."

"आणि गावात कोरा माणूसच नसला तर?" नोरीननं विचारलं.

प्रूइटबाई गोड हसल्या. "नोरीन, आपण या प्रश्नासोबत जरा बसू या हं," असं म्हणून त्यांनी वाटी वाजवली आणि तास संपवला.

नोरीन कॅथलिक घरातली, पण वीस वर्षांत चर्चची पायरी चढली नव्हती. टॉर्विकमध्ये चर्च एकच, तेही लूथरन पंथाचं. म्हणजे निवडीचा प्रश्न मिटला. सप्टेंबरातल्या एका रविवारी ती मागच्या बाकावर जाऊन बसली. समोर साठ-सत्तर डोकी होती. तिनं मनातल्या मनात मोजली तर तीस-एक डोक्यांच्या आत काय चाललंय ते तिला पाठ होतं.

"आज आपल्यात एक पाहुण्या आल्या आहेत," पास्टर डेल प्रसन्नपणे म्हणाले. "त्यांना कुणी ओळखतं का?"

शाळेचे मुख्याध्यापक रॉल्फ छताकडे पाहू लागले. पोस्टातल्या बेवनं स्तोत्रांचं पुस्तक उघडलं, तेही उलटं. आणि प्रश्न विचारणारे पास्टर डेल स्वतः दर मंगळवारी चार वाजता आपला बीगल कुत्रा घेऊन तिच्या समोरच्या खुर्चीत बसत असत.

"नाही? बरं, स्वागत असो, मिस..."

"कोवाल्स्की," नोरीन म्हणाली.

"कोवाल्स्की," पास्टरनी नवीनच शब्द ऐकावा तसं म्हटलं.

मग सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेऊन शांती चिंतायची वेळ आली. हे मात्र चुकवता येत नाही. लोक एकेक करून आले, नोरीनच्या हाताला हात लावून "शांती असो" म्हणाले आणि नजर तिच्या कानाच्या पलीकडे ठेवून परत गेले. रॉल्फचा हात घामानं ओला होता. तो का, हे तिला माहीत होतं. त्यावर त्यांनी आठ महिने काम केलं होतं. अकरा वर्षांत एका दिवशी इतक्या माणसांनी तिला स्पर्श केला नव्हता. तिला रडू येईलसं वाटलं आणि तिनं ते खोकल्यात घालवलं.

तळघरात कॉफी होती. तिच्या छातीवर 'पाहुणी' असं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली गेली. ती ज्या टेबलाशी बसली त्या टेबलावरच्या सगळ्यांना एकदम दुसऱ्या टेबलावरच्या जेलीची ओढ लागली. संध्याकाळी तिच्या दारात ताज्या पावाची लादी होती आणि वर कार्ड : 'आमच्या गावात नव्यानं आल्याबद्दल स्वागत!'

दुसऱ्या रविवारी हेच सगळं पुन्हा झालं. पास्टरनी पुन्हा विचारलं, पुन्हा कुणी ओळखेना, पुन्हा चिठ्ठी, पुन्हा पाव. मागचा अजून संपला नव्हता. एकट्या माणसानं दोन लाद्या कशा संपवायच्या, याचा विचार स्वागत समितीनं केलेला नसतो.

तेव्हा नोरीननं कंबर कसली. पेट्रोल पंपावरचा लाइल तिच्याकडे कधीच आला नव्हता, एवढं नक्की. तिनं त्याला जिन्याखाली गाठलं.

"लाइल, एक मिनिट. फक्त पाच प्रश्न आहेत."

लाइल पांढराफटक पडला. "बाई, हळू! माझा ट्रक बाहेर उभाय, नावासकट."

"अहो, तुम्ही माझे पेशंट नाही, म्हणून तर विचारतेय."

"तेच तर! नाही ना? मग लोकांना कशाला वाटू द्यायचं?" आणि हातातला केक तसाच घेऊन तो बाहेर पळाला.

तिसरा रविवार ऑक्टोबरातला पहिला. त्या दिवशी या चर्चमध्ये जनावरांना आशीर्वाद देतात. हे नोरीनला कुणी सांगितलं नव्हतं, सांगणार कोण? चर्चमागच्या हिरवळीवर थंड वारं सुटलं होतं. कोंबड्या होत्या, एक बकरी होती, डब्यातलं एक कासव होतं, आणि कुत्री होती. टॉर्विकमधली यच्चयावत कुत्री.

नोरीन कोट घालून हिरवळीवर आली. खिशात नेहमीची बिस्किटं होतीच.

सगळ्यांत आधी तिला पाहिलं रॉल्फच्या टँकनं. टँक म्हणजे पन्नास किलोंचा लॅब्रेडॉर. त्यानं दोरी हिसडली, मुख्याध्यापकांना चार पावलं फरपटत आणलं आणि दोन्ही पंजे नोरीनच्या खांद्यावर ठेवून तिचं तोंड चाटलं.

"टँक! अरे, अनोळखी बाईंना काय..." रॉल्फ ओरडले. तेवढ्यात डावीकडून बेवची मफिन नावाची कुत्री सुटली. मग दोन शिकारी कुत्री. मग पास्टर डेल यांचा बीगल, ज्याच्या डोक्यावर त्या क्षणी पास्टरांचा आशीर्वादाचा हात होता. हात हवेतच राहिला आणि बीगल जाऊन नोरीनच्या बुटांवर आडवा झाला, पोट वर करून, मंगळवारी व्हायचा अगदी तसा. कुत्र्यांना गुप्ततेचा नियम कुणी शिकवत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पंचवीस-तीस मुठी एकदम उघडल्या होत्या.

सगळ्यांत जास्त लाड केले ते गसनं. गस हा सेल्मर नावाच्या म्हाताऱ्याचा कुत्रा, आणि सेल्मर नोरीनकडे कधीच आला नव्हता.

"हा तुम्हाला कसा ओळखतो हो?" सेल्मर चक्रावून म्हणाला. मग तो हळूहळू शेजाऱ्यांकडे वळला. "अर्ल, बुधवारी गसला फिरवायला कोण नेतं?"

"मी," अर्ल बुटांकडे बघत म्हणाला.

"आणि शुक्रवारी तू, इनेझ?"

"हो, पण सेल्मर, मला खरंच कुत्र्यांची आवड..."

"मला वाटायचं, माझ्या म्हातारपणाची दया येऊन नेता!" सेल्मर म्हणाला. "म्हणजे या गावात मी एकटाच शहाणा, का एकटाच येडा?" मग जरा आवाज खाली आणून नोरीनला, "गुरुवारी सकाळी जागा आहे का? कुत्रा घरचाच आहे."

दहाला जागा होती. नोरीननं मान हलवली आणि तो कोरा माणूसही गेला.

पुढे झालं ते मोठं चांगलं झालं. मुख्याध्यापक रॉल्फ यांनी बेवकडे पाहिलं. "तू पण?" बेव म्हणाली, "चार वर्षं. तुम्ही?" कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि नॉर्वेतून आलेल्या लोकांच्या नातवंडांना शोभेल अशा बेतानं, म्हणजे एकमेकांच्या खांद्याला दोन बोटं लावून, माणसांनी एकमेकांना धीर दिला. पास्टर डेल बकरीला विसरून अर्लशी बोलत उभे राहिले. दोघादोघांचे, चौघाचौघांचे घोळके झाले. नोरीन अकरा वर्षं प्रत्येकाला बंद खोलीत जे सांगत आली होती, की हे फक्त तुम्हालाच होत नाही, ते कुत्र्यांनी दोन मिनिटांत पटवलं.

आणि नोरीन हिरवळीच्या मधोमध कुत्र्यांत उभी राहिली. तिच्याकडे कुणी आलं नाही. त्यांचंही चूक नव्हतं. जिला आपलं सगळं माहीत आहे तिच्याशी हवापाण्याचं काय बोलणार? बिस्किटं संपली तशी कुत्रीही एकेक करून निघून गेली. तिला फार एकटं वाटलं. छातीवरची 'पाहुणी'ची चिठ्ठी तिनं काढली आणि कप तरी धुवावेत म्हणून ती तळघरात उतरली.

स्वयंपाकघरात अर्डिस त्वेत होती. वय एकोणऐंशी, उंची जेमतेम ओट्याच्या वर, आणि समोर चाळीस कपांचं भांडं. ती कॉफीच्या पुडीत टरफलासकट अंडं फोडून कालवत होती, कारण टॉर्विकमध्ये त्याशिवाय कॉफी निवळत नाही.

"तुमचा कुत्रा कुठला?" नोरीननं दारातूनच विचारलं. आता तिला धसकाच बसला होता.

"कुत्रा? माझं मलाच रांधायचं जिवावर येतं, त्यात कुत्रा कुठून आणू?"

"मांजर?"

"पोरी, तू जनगणनेवाली आहेस का?"

नोरीनला आनंदानं गहिवरून आलं. ही बाई तिच्याकडे कधीच आली नव्हती, आणि तिच्याशी बोलताना कांदे शोधत नव्हती. तिनं खिशातून कागद काढला, त्यावर कुत्र्याच्या लाळेचा डाग पडला होता. "अर्डिसबाई, पाच प्रश्न विचारू?"

"कप पुसता पुसता विचार. तो टॉवेल घे."

"कठीण काळात तुम्हाला बळ कशातून मिळतं?"

"कॉफीतून."

"आणखी कशातून?"

"कडक कॉफीतून. पुढचा?"

दुसऱ्या प्रश्नाचंही असंच झालं. तिसरा होता, प्रार्थनेशी तुमचं नातं कसं आहे. अर्डिसनं चमचा खाली ठेवला.

"चौदा वर्षं मी वर उपासनेला गेलेली नाही," ती म्हणाली. "माझा नवरा हार्लान गेला, त्याच्या पुढच्या रविवारी सगळे 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला लागले आणि माझं तोंडच उघडेना. शब्द माहितीयत गं, सात वर्षांची असल्यापासून माहितीयत. पण बाहेर येईनात. म्हणून खाली आले, म्हटलं आज कॉफी मी बघते. तेव्हापासून बघतेय. लोक म्हणतात, अर्डिस किती राबते. राबत नाही, लपते."

नोरीननं झोपेबद्दल विचारलं नाही. काहीच विचारलं नाही. तिनं दुसरा कप घेतला आणि पुसू लागली. थोड्या वेळानं मात्र तिच्या तोंडून जे आलं ते तिनं अकरा वर्षांत या गावात कुणालाही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मी घरी रेडिओ लावते, कळत नाही त्या भाषेतलासुद्धा. परवा माझा वाढदिवस झाला, तर गुरांच्या डॉक्टरचं छापील शुभेच्छापत्र आलं. मी त्यांच्या यादीत आहे. कुत्र्यांच्या."

अर्डिस इतकी हसली की तिला ओट्याला धरावं लागलं. मग नोरीनही हसली. दोघींनी चाळीस कप पुसले, दोन फुटले, उरलेलं हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचं भाजलेलं कालवण, भांड्यातूनच खरवडून खाल्लं, आणि वर पाहिलं तर चर्च रिकामं होऊन तासभर झाला होता.

"सही राहिली," नोरीन म्हणाली.

अर्डिसनं कागद डोळ्यांना चिकटवला. "हे काय छापलंय? सही करणाऱ्याशी नातं : काही नाही." तिनं पेन मागितला. "बरं बाई. काही नाही तर काही नाही." आणि तिनं सही केली.

ती सगळी रात्र नोरीननं रेडिओ लावला नाही. गावात आपलं एक माणूस आहे, याचा आनंद तिला लहान मुलीसारखा झाला होता.

सोमवारी सकाळी नऊला फोन वाजला.

"अर्डिस बोलतेय. काल चौदा वर्षांनी धड झोप लागली मला. तू काय ऐकतेस गं! म्हटलं, हे रीतसर करावं. गुरुवारी दुपारी जागा आहे का तुझ्याकडे? सकाळी सेल्मर येणारे म्हणे, दुपारी गस मोकळाच असेल. मी त्याला मागून आणते."

नोरीनसमोर वही उघडी होती. गुरुवार, दुपारी दोन, कोरी जागा. नाव लिहिलं की अर्डिस समोरच्या खुर्चीत बसणार, नोरीन मान हलवणार, आणि शनिवारी दुकानात अर्डिसलाही कांदे दिसू लागणार. तिचा पेन हवेत राहिला. अर्डिसला मदत हवी होती हे खरं, आणि ती चांगली मदत करू शकली असती हेही खरं.

"जागा नाही," ती म्हणाली. पेशंटशी ती कधी खोटं बोलली नव्हती. पण अर्डिस अजून पेशंट कुठे होती? "फार्गोला एक फार चांगली बाई आहे. तिचं नाव देते."

"फार्गो! सत्तर मैल? अगं, मला मोतीबिंदू आहे, मी पोस्टापर्यंत गाडी नेते ती आवाजाच्या अंदाजानं."

"मी नेईन तुम्हाला."

"तुला काम नाही?"

"गुरुवारी दुपारी दोनला मी मोकळी असते."

"आत्ता तर म्हणालीस, जागा नाही."

"खोलीत नाही," नोरीन म्हणाली. "गाडीत आहे."

"हं," अर्डिस म्हणाली. मग म्हणाली, "वाटेत त्या ढाब्यावर आंबट सायीची गोड पेस्ट्री चांगली मिळते. लवकर निघू."

फार्गोच्या दवाखान्यात नोरीन जन्मात पहिल्यांदा थांबणाऱ्यांच्या खुर्चीत बसली. समोर एक माणूस ट्रॅक्टरचं मासिक तोंडासमोर धरून बसला होता. मासिकाखालचे बूट तिच्या ओळखीचे होते. ती मान वळवणारच होती, तोच तिच्या लक्षात आलं, की हा आपला पेशंट नाही. इथे आपण कुणी नाही. आपल्याला चालतं.

"काय लाइल, कसं काय?" ती म्हणाली.

मासिक आणखी वर सरकलं. "मी... कुत्र्याच्या औषधासाठी आलो होतो," मासिकामागून आवाज आला. कुत्रा कुठेच नव्हता.

काउंटरवरच्या मुलीनं अर्डिसच्या हातात कागद दिले. अर्डिसनं ते नोरीनच्या मांडीवर टाकले. "तू भर. मला ठिपके दिसतात नुसते."

नोरीननं नाव लिहिलं, वय लिहिलं, मोतीबिंदू लिहिला. मग एका ओळीवर ती अडली.

"काय झालं?"

"सोबत आलेल्या व्यक्तीचं पेशंटशी नातं, असं विचारलंय."

"त्यात काय अडायचंय?" अर्डिस म्हणाली. "मागच्या कागदावर 'काही नाही' म्हणून माझी सही घेतलीस. तेच लिही."

नोरीननं पेन टेकवला. एवढा लहानसा शब्द, पण बऱ्याच वर्षांत तिनं तो स्वतःसाठी लिहिला नव्हता, त्यामुळे पहिलं अक्षर जरा वाकडं आलं.

"काय लिहिलंस?"

"वाचा ना."

"दिसत असतं तर तुला कशाला आणलं असतं? मोठ्यानं वाच."

"मैत्रीण," नोरीन म्हणाली.

"बरं," अर्डिस म्हणाली आणि पर्स मांडीवर घेऊन ऐटीत बसली. "आता वयात दोन वर्षं कमी कर."